‘देण्यात आले’ : कर्मणी क्रियापदबंध

इंग्रजीतील ‘वॉज गिव्हन’ या कर्मणी क्रियापदबंधासाठी मराठी शासकीय व वृत्तपत्रीय गद्यात रूढ झालेली रचना. ‘देणे’ या धातुसाधित नामाचे सप्तम्यन्त रूप ‘देण्यात’ आणि त्यापुढे ‘येणे’ हे सहायक क्रियापद अशी तिची घडण आहे. ‘करण्यात आले’, ‘कळविण्यात येते’, ‘सोडण्यात येईल’ इ. रूपे याच साच्याची होत. या रचनेत दिलेली वस्तू वाक्याच्या अग्रभागी येते आणि देणारा अनुक्त राहू शकतो. देणाऱ्याचा उल्लेख न करता वाक्य पूर्ण होणे हा तिचा विशेष गुण असून तोच तिचा मुख्य दोषही ठरतो. दानपत्र, सनद, आदेश, दाखला अशा लेखांत ‘कोणी दिले’ हा प्रश्न केवळ शैलीचा नसून हक्काचा असल्याने या रचनेचा विचार व्याकरणाबरोबरच लोकव्यवहाराच्या दृष्टीनेही करावा लागतो. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत मराठी दानलेखाचा एक फार जुना नमुना उपलब्ध असल्यामुळे या रचनेमागील इतिहास त्या प्रदेशाच्या आधारे स्पष्ट करता येतो.

प्रयोग व इंग्रजी ‘व्हॉइस’ : मराठी व्याकरणातील ‘कर्मणी प्रयोग’ आणि इंग्रजी व्याकरणातील ‘पॅसिव्ह व्हॉइस’ या संज्ञा समानार्थी मानण्याची प्रथा शालेय अध्यापनात आहे, परंतु त्या वेगवेगळ्या गोष्टी दर्शवितात. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांच्या १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणापासून मराठीत कर्तरी, कर्मणी व भावे असे प्रयोग मानले जातात. क्रियापदाचे लिंग, वचन व पुरुष कर्त्याप्रमाणे बदलतात, कर्माप्रमाणे बदलतात, की कोणाप्रमाणेच बदलत नाहीत, हा या वर्गीकरणाचा पाया होय. मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात प्रयोगविचाराची विस्तृत चिकित्सा आढळते.

‘अधिकाऱ्याने दाखला दिला’, ‘अधिकाऱ्याने परवानगी दिली’, ‘अधिकाऱ्याने उत्तर दिले’ या तिन्ही वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते; म्हणून ती कर्मणी प्रयोगाची वाक्ये होत. मात्र त्यांत कर्ता ठळकपणे उभा आहे आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर कर्तरी वाक्यानेच होते. याउलट ‘वॉज गिव्हन’ या रचनेचे प्रयोजन कर्त्याला मागे सारणे हे आहे. मराठीत ते काम ‘दाखला दिला गेला’ किंवा ‘दाखला देण्यात आला’ या रचना करतात. यांपैकी ‘जाणे’ या सहायक क्रियापदाने साधलेल्या रचनेस शालेय व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ प्रयोग असे म्हणतात. भूतकाळी सकर्मक क्रियापदाचे साधे वाक्य मराठीत मुळातच कर्मणी असल्यामुळे इंग्रजीतील प्रत्येक कर्मणी वाक्यासाठी ‘देण्यात आले’ योजण्याची व्याकरणाच्या दृष्टीने आवश्यकता नसते.

घेणारा आणि दिलेली वस्तू : ‘देणे’ हे द्विकर्मक क्रियापद आहे. इंग्रजीत देण्याची वस्तू आणि घेणारी व्यक्ती यांपैकी कोणासही कर्मणी वाक्याचे उद्देश्य करता येते. ‘शेतकऱ्याला नोटीस दिली’ या आशयाचे इंग्रजी वाक्य शेतकऱ्यास उद्देश्य करून रचता येते. मराठीत हे शक्य नाही. ‘शेतकरी नोटीस दिला गेला’ हे वाक्य अशुद्ध आहे. ‘शेतकऱ्याला नोटीस देण्यात आली’ असेच म्हणावे लागते आणि क्रियापद ‘नोटीस’ या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे बदलते. घेणाऱ्याच्या बाजूने बोलावयाचे असल्यास मराठी वेगळे क्रियापद वापरते : ‘शेतकऱ्याला नोटीस मिळाली’. ‘मिळणे’ हे क्रियापद रूपाने कर्मणी नसले, तरी ‘देणे’ या क्रियेची दुसरी बाजू ते दाखविते. म्हणून ‘वॉज गिव्हन’चे भाषांतर करताना संदर्भ पाहून ‘मिळाले’ हा पर्याय प्रथम विचारात घेणे इष्ट ठरते. मात्र या दोहोंत अर्थभेद आहे. नोटीस देण्यात आली, पण मिळाली नाही, असे घडू शकते. बजावणीविषयीच्या वादात हाच भेद निर्णायक ठरतो.

तीन रचनांतील अर्थच्छटा : ‘दिला’, ‘दिला गेला’ व ‘देण्यात आला’ या रचना परस्परांच्या जागी सर्वत्र चालत नाहीत. ‘देण्यात आला’ या रचनेत जाणीवपूर्वक कृती करणारा माणूस किंवा संस्था गृहीत असते. ‘गिरणा धरणातून रब्बीसाठी आवर्तन सोडण्यात आले’ हे वाक्य योग्य आहे, कारण पाणी सोडण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. ‘वादळात केळीच्या बागा आडव्या करण्यात आल्या’ हे वाक्य मात्र हास्यास्पद होते. तेथे ‘वादळाने बागा आडव्या झाल्या’ असे म्हणावे लागते. अहेतुक किंवा चुकीने घडलेल्या कृतीसाठी ‘जाणे’ची रचना अधिक जुळते : ‘रोपांना चुकून जास्त खत दिले गेले’. या वाक्यात ‘देण्यात आले’ घातल्यास चूक ठरवून केल्याचा भास होतो. कर्त्याची असमर्थता दाखविणारी ‘माझ्याच्याने देववत नाही’ ही शक्यार्थक रचना या दोहोंहून निराळी आहे.

काळ व अर्थ यांनुसार याच साच्याचे कार्य बदलते. ‘या आदेशान्वये परवानगी देण्यात येत आहे’ या वाक्याचे उच्चारण किंवा लेखन हीच परवानगी देण्याची कृती होय. ‘परवानगी देण्यात येते’ या रूपाने सर्वसाधारण नियम किंवा प्रघात सांगितला जातो. ‘परवानगी देण्यात येईल’ हे आश्वासन असून त्याला मुदत जोडली नसल्यास ते कोणावरही बंधनकारक होत नाही. ‘परवानगी देण्यात यावी’ ही विनंती किंवा सूचना असते. ती कोणाला उद्देशून आहे, हे वाक्याबाहेरच्या संदर्भावरूनच कळते. नकारार्थी रूपात ही संदिग्धता वाढते. ‘तहसीलदारांनी दाखला दिला नाही’ यात नकार देणारा स्पष्ट आहे. ‘दाखला देण्यात आला नाही’ यात अर्ज नाकारला गेला, विलंब झाला, की अर्ज संबंधितापर्यंत पोहोचलाच नाही, हे उलगडत नाही.

कर्ता सांगावयाचा झाल्यास ‘कडून’, ‘द्वारा’, ‘तर्फे’ व ‘मार्फत’ ही शब्दयोगी अव्यये योजतात. तथापि ती समानार्थी नाहीत. ‘कडून’ हे अव्यय कर्ता तसेच उगमस्थान या दोन्ही अर्थी येते. ‘बँकेकडून कर्ज मिळाले’ यात ते उगम दाखविते आणि ‘बँकेकडून कर्ज देण्यात आले’ यात कर्ता. ‘तर्फे’ याने ज्याच्या वतीने कृती होते तो दर्शविला जातो, तर ‘मार्फत’ याने केवळ मध्यस्थ सूचित होतो. ‘जिल्हा परिषदेमार्फत अनुदान देण्यात आले’ या वाक्यात अनुदान जिल्हा परिषदेने दिले, की शासनाचे अनुदान तिच्या हातून पोहोचले, हा अर्थ खुला राहतो. इंग्रजीतील एकाच ‘बाय’ या शब्दासाठी ही सर्व अव्यये सरसकट वापरल्यामुळे निर्णयाची जबाबदारी आणि पोहोचविण्याचे काम यांतील सीमारेषा पुसली जाते.

खानदेशातील दानलेखाचे साक्ष्य : जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस पाटण येथे शके ११२८ चा कोरीव लेख आढळला. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव यांच्या काळातील हा लेख आहे. गणिती भास्कराचार्य (बारावे शतक) यांचा नातू चांगदेव याने सिद्धान्तशिरोमणी व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असून शेवटी मराठी ओळी आहेत. मराठी भाषेच्या आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते.

प्रशस्ती व वंशवर्णन संस्कृतात आणि प्रत्यक्ष देण्याघेण्याचा तपशील मराठीत, अशी ही विभागणी आहे. बाजारात माल विकला गेला असता राजाकडे जाणारा हिस्सा, ब्राह्मणांकडील हिस्सा, गिऱ्हाइकामागे नगराने द्यावयाचा अंश, घाण्यामागे तेलाचे माप असे तपशील त्यात येतात. या ओळींत वारंवार येणारे क्रियापद ‘दीन्हला’ किंवा ‘दीन्हलें’ हे होय. त्याचाच आधुनिक अवतार ‘दिला’, ‘दिले’ हा आहे. रूप कर्मणी आहे, कारण ते दिलेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते. तथापि त्याच्या अलीकडे ‘नगरें’ यासारखे तृतीयान्त पद येते, म्हणजे देणारा कोण हे त्याच वाक्यात नोंदलेले असते. कोणी दिले आणि कशातून दिले, हे लेखावरून निश्चित होत असल्यामुळे मठाला त्या त्या उत्पन्नावर हक्क सांगता येत असे. कर्मणी रूप असूनही कर्ता न लपविणारी ही रचना मराठीच्या मूळ प्रकृतीशी सुसंगत आहे.

जुने ‘इजे’कारान्त कर्मणी : प्राचीन मराठीत कर्त्याचा उल्लेख टाळण्याचे वेगळे साधनही होते. संस्कृत कर्मणीतील ‘य’ या विकरणाचे प्राकृतात ‘इज्ज’ झाले आणि त्यापासून मराठीत ‘करिजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ अशी रूपे आली. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण (१९०९) लिहून त्या काळातील रूपव्यवस्थेचा शोध घेतला. आयुष्याच्या अखेरीस राजवाडे धुळे येथे होते. त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यानंतर लगेच स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात त्यांच्या संग्रहाचे जतन करण्यात आले.

‘इजे’कारान्त कर्मणी आज जिवंत नाही, मात्र त्याचे अवशेष अगदी नेहमीच्या शब्दांत टिकून आहेत. ‘म्हणिजे’ म्हणजे ‘म्हटले जाते’. त्याचेच ‘म्हणजे’ हे अव्यय झाले. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप असून ‘पाहिले जाते, अपेक्षिले जाते’ या अर्थावरून त्याला ‘हवे’ हा अर्थ प्राप्त झाला. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस येणारे ‘जाणिजे’ हे पदही याच घडणीचे आहे. त्या काळच्या इनामपत्रांत ‘दिल्हे’ हे क्रियापद येते. परंतु पत्राच्या आरंभी देणाऱ्याचे नाव व पद, तसेच ‘यांसी’ या शब्दाने घेणाऱ्याचा निर्देश असे. वाक्यात कर्ता नसला, तरी लेखात तो असेच.

आधुनिक रूढी : १८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्झ याच्या कारकीर्दीत धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा वरच्या पातळीवर इंग्रजी झाली. व्यक्तीपेक्षा पदाला आणि पदापेक्षा कार्यालयाला महत्त्व देणाऱ्या या कारभाराला इंग्रजीतील कर्मणी वाक्य सोयीचे होते. भाषांतरित मजकुरातून त्याचा प्रभाव मराठी गद्यावर पडला आणि पुढे वृत्तपत्रांनीही हा साचा स्वीकारला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले व महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. इंग्रजी मसुद्यांना मराठी प्रतिशब्द देण्याचे मोठे कार्य या काळात झाले. त्यात शब्द मराठी झाले, परंतु वाक्याची बैठक अनेकदा इंग्रजीच राहिली. ‘असे निदर्शनास आणून देण्यात येते की’ यासारखी वाक्ये या स्थित्यंतराची द्योतक आहेत.

बोलीतील पर्याय : लोकांच्या बोलण्यात ‘देण्यात आले’ क्वचितच येते. कर्ता अज्ञात किंवा गौण असल्यास मराठी बोलणारा कर्त्याचा उच्चार न करता तृतीयपुरुषी अनेकवचन वापरतो : ‘शाळेत पुस्तके देतात’, ‘उद्या पाणी सोडणार आहेत’. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणीतही ‘देतस’, ‘करतस’, ‘म्हणतस’ ही अनेकवचनी रूपे असून तीही याच प्रकारे योजता येतात. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात खानदेशीची नोंद भिल्ल भाषांबरोबर आहे. तिची रूपव्यवस्था प्रमाण मराठीहून बरीच निराळी आहे. घरी अहिराणी किंवा जळगावच्या पूर्व भागातील लेवा बोली बोलणाऱ्या माणसाला कार्यालयात प्रमाण मराठी आणि तीतही बोलण्यात न येणारी कर्मणी रचना, अशी दुहेरी पायरी चढावी लागते.

व्यवहारातील परिणाम : ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ या वाक्यातून निकाल कळतो, पण निकाल देणारा कळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार महसुली आदेशावरील अपील हे आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे करावयाचे असते. तहसीलदाराचा आदेश असल्यास ते सामान्यतः उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाते. जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत ६० दिवस आहे, तर इतर प्रकरणी ती ९० दिवस आहे. म्हणजे कोठे जावयाचे आणि किती दिवसांत जावयाचे, हे दोन्ही आदेश कोणी दिला यावर अवलंबून असते. पत्राखालील सही व शिक्का यांवरून कर्ता ओळखता येतो, असे म्हणता येईल. पण अनेकदा पत्र पाठविणारा अधिकारी व निर्णय घेणारा अधिकारी वेगळे असतात आणि ‘करण्यात आला आहे’ हे वाक्य त्या दोघांत फरक करीत नाही.

कायद्यांचा अलीकडचा कल कर्ता उघड करण्याकडे आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांना आपल्या अधिकाऱ्यांची कर्तव्ये प्रसिद्ध करावी लागतात आणि बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे द्यावी लागतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी व अपील प्राधिकारी ठरविलेले असतात. ज्या व्यवस्थेत कर्ता निश्चित आहे, तिच्या पत्रांत तो वाक्यातूनच गळणे विसंगत होय. ‘चाळीसगावच्या तहसीलदारांनी आपला अर्ज अमुक तारखेला अमुक कारणासाठी नामंजूर केला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या कर्मणीच आहे. शिवाय ते आखूड व पूर्ण आहे.

योग्य उपयोग : या रचनेचा सरसकट त्याग करणे मात्र युक्त नाही. कर्ता सर्वज्ञात, अज्ञात किंवा विषयाच्या दृष्टीने गौण असेल, तेथे ती उपकारक ठरते. ‘१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन करण्यात आले’, ‘१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला’, ‘जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले’ या वाक्यांत जिल्हा आणि विद्यापीठ हेच विषय आहेत. शासन हा कर्ता उघड असल्याने त्याचा पुनरुच्चार अनावश्यक आहे. कोशलेखनात या रचनेला स्थान मिळते, ते याच कारणाने.

याउलट ‘१९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात गीतेवर प्रवचने देण्यात आली व ती लिहून घेण्यात आली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी त्यातून घटनेचा गाभाच निसटतो. प्रवचने विनोबा भावे यांनी दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. एकाच वाक्यातील दोन ‘आली’ दोन भिन्न व्यक्तींच्या कृती झाकतात आणि वाचकाला त्या एकाच अनामिकाच्या वाटतात.

‘देण्यात आले’ लिहिण्यापूर्वी ‘कोणी दिले?’ हा प्रश्न विचारणे, ही या रचनेची सोपी कसोटी होय. उत्तर वाचकाला आधीच ठाऊक असेल किंवा त्याच्या उपयोगाचे नसेल, तर रचना योग्य ठरते. उत्तरावर वाचकाचे पैसे, पाणी, जमीन वा अपील अवलंबून असेल, तर कर्ता तृतीयेत घालून ‘दिले’ हे साधे क्रियापद वापरावे; पाटणच्या कोरीव लेखातील ओळींची पद्धतीही हीच आहे.